हातात पॉलिक्लोनल अँटिबॉडी आली, आता रिसेप्टर कसा शोधायचा? पुण्यातल्या नवख्या संशोधकांसाठी

१०० मायक्रोलीटर म्हणजे चहाच्या चमच्याचा पन्नासावा भाग. तेवढाच अँटिबॉडीचा (एखादं ठराविक प्रथिन ओळखून धरणाऱ्या प्रथिनाचा) द्रव असलेली एक इवलीशी नळी हातात येते, तिची किंमत अनेकदा महिन्याच्या फेलोशिपच्या घरात असते, आणि गाइड सांगतात, "बघ जरा, आपल्या पेशींवर हा रिसेप्टर आहे का." (रिसेप्टर म्हणजे बाहेरून आलेला संदेश धरणारं पेशीचं प्रथिन.) पाषाणची मोठी संस्था असो, गणेशखिंडीतली असो, नाहीतर गावातल्या एखाद्या कॉलेजची दोन टेबलांची लॅब असो, नव्यानं रुजू झालेल्या प्रत्येकावर हा प्रसंग कधीतरी येतो. माझ्यावरही आला. माझे त्यात सहा महिने गेले आणि त्यातले निम्मे तरी वाचले असते. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

उदाहरणासाठी मी सगळीकडे ईजीएफआर घेतला आहे. ज्या वाढ-घटकांच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चं नोबेल मिळालं, त्यांपैकी कोहेन यांच्या एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरला (ईजीएफला) धरणारा हा रिसेप्टर. पेशीच्या पडद्यातून एकदाच आरपार जातो, अर्धा बाहेर आणि अर्धा आत. तुमचा रिसेप्टर दुसरा असला तरी वाट बहुतांशी हीच.

१. नळीत काय आहे ते आधी समजून घ्या

सशाला (किंवा बकरीला) त्या प्रथिनाचा तुकडा टोचतात. त्या प्राण्याच्या शरीरातल्या अनेक वेगवेगळ्या बी-पेशी त्या तुकड्याच्या वेगवेगळ्या जागा ओळखणाऱ्या अँटिबॉडी बनवतात. रक्त काढून, सीरम वेगळं करून जे मिळतं ती पॉलिक्लोनल. म्हणजे तुमच्या नळीत एक अँटिबॉडी नसून एक अख्खी जमात आहे.

याचा फायदा मोठा आहे. रिसेप्टरचं प्रमाण कमी असलं तरी एकाच रेणूवर तीन-चार जागी अँटिबॉडी बसतात आणि सिग्नल वाढतो. एखादी जागा फिक्सेशनमध्ये (पेशी रसायनानं घट्ट करताना) बिघडली तरी बाकीच्या शिल्लक असतात. तोटाही त्याच गुणातून येतो. त्या जमातीतले काही रेणू भलत्याच प्रथिनाला चिकटू शकतात. शिवाय तो ससा एकच होता, तो गेला की दुसरा ससा आणि दुसरी जमात. म्हणून एका लॉटवर (एका वेळी बनलेल्या साठ्यावर) जमलेलं काम पुढच्या लॉटवर तसंच जमेल याची खात्री नसते. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये मोनोक्लोनलची (एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवायची) पद्धत काढली, तिची गरज यातूनच कळते.

लेबलवर 'अँटिसीरम' (नुसतं सीरम), 'आयजीजी फ्रॅक्शन' (त्यातल्या आयजीजी प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडी) की 'ॲफिनिटी प्युरिफाइड' (फक्त तुमच्या तुकड्याला धरणाऱ्या) लिहिलंय ते बघा. पहिल्या दोन्हींत त्या सशाच्या आयुष्यभराच्या इतर अँटिबॉडीही असतात. पैशांची सोय असेल तर ॲफिनिटी प्युरिफाइडच घ्या.

२. ऑर्डर देण्याआधी डेटाशीटला चार प्रश्न विचारा

पहिला, रिसेप्टरचा कुठला तुकडा टोचला होता? बाहेरचा की आतला? हे कळल्याशिवाय पुढचा एकही प्रयोग आखता येत नाही. आतल्या टोकाविरुद्धची अँटिबॉडी जिवंत पेशीला बाहेरून लावली तर तिला धरायला काही सापडतच नाही. आमच्या शेजारच्या बेंचवरच्या एका मुलीनं फ्लो सायटोमेट्रीत (एकेका पेशीवर चिकटलेली अँटिबॉडी प्रकाशानं मोजायच्या पद्धतीत) तीन वेळा शून्य सिग्नल घेतला आणि रिसेप्टर नाही असं लिहूनही टाकलं. अँटिबॉडी सी-टोकाविरुद्धची, म्हणजे आतल्या टोकाविरुद्धची होती.

दुसरा, कुठल्या प्राण्यात बनवली? सेकंडरी त्यावरून ठरते. (तुमची नळी म्हणजे प्रायमरी; तिला धरून सिग्नल देणारी दुसरी अँटिबॉडी म्हणजे सेकंडरी.)

तिसरा, कुठल्या कामासाठी तपासली आहे? ब्लॉटमध्ये (जेलवर आकारानं वेगळी केलेली प्रथिनं मेंब्रेनवर उतरवून अँटिबॉडीनं शोधायच्या पद्धतीत) प्रथिन उलगडलेलं असतं, पेशीवर घडी घातलेलं असतं. एकात चालणारी दुसऱ्यात चालेलच असं नाही.

चौथा, कुठल्या प्रजातीत? माणसाच्या तुकड्याविरुद्धची अँटिबॉडी उंदराच्या पेशींवर चालेल का, हे दोन्हींचा त्या तुकड्यापुरता अमिनो आम्लांचा क्रम शेजारी ठेवून स्वतः पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

डेटाशीटवरच्या चित्राकडे नीट बघा. चित्र एकाच पेशीप्रकाराचं असेल, किंवा रिसेप्टर मुद्दाम भरमसाट बनवलेल्या पेशींचं असेल, तर ती अँटिबॉडी तुमच्या साध्या पेशींवर काय करेल हे त्यातून कळत नाही.

३. कागदपत्रं आणि मागवण्याची वेळ

परचेस सेक्शनमध्ये साधारण हे लागतं:

- गाइडच्या सहीचा इंडेंट, त्यावर कॅटलॉग क्रमांक आणि पॅकचा आकार
- कोटेशन. एकाच कंपनीची वस्तू हवी असेल तर ती का, याचं लेखी कारण
- डेटाशीट आणि सेफ्टी डेटाशीट
- माणसाच्या ऊतींवर काम असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी, प्राण्यांवर असेल तर प्राणी-एथिक्सची, जनुक बदललेल्या पेशी असतील तर बायोसेफ्टी कमिटीची

इंडेंटवर 'अँटिबॉडी थंड साखळीत पाठवावी, सोमवार ते बुधवार पोहोचवावी' असं स्पष्ट लिहा. बाहेरून येणारा माल बहुधा मुंबईमार्गे येतो. शुक्रवारी संध्याकाळी गेटवर आलेला थर्माकोलचा डबा सोमवारी सकाळपर्यंत सिक्युरिटीच्या टेबलाखाली राहिला, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. पालखीच्या मुक्कामाचे दोन दिवस आणि गणपतीचे शेवटचे दिवस तर टाळाच. रस्ते बंद असतात, कुरिअरवाला येऊ शकत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

स्टोअर्समधल्या काकांना आधीच सांगून ठेवा, "काका, माझा डबा आला की लगेच फोन करा हं." या एका वाक्यानं माझे दोन डबे वाचले आहेत.

४. नळी आल्यावरचा पहिला अर्धा तास

लगेच वापरायची घाई करू नका. नळी बर्फात ठेवा, थोडा स्पिन द्या म्हणजे झाकणाला लागलेला थेंब खाली येईल, आणि लहान ॲलिकॉट (वेगवेगळ्या नळ्यांत छोटे वाटे) करा. दहा मायक्रोलीटरपेक्षा कमी नको, कारण फार थोडं प्रथिन असलं की ते नळीच्या भिंतीलाच चिकटून जातं. प्रत्येक ॲलिकॉटवर नाव, लॉट क्रमांक, तारीख.

५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २० अंशांवर ती गोठत नाही, तिथेच ठेवा. ग्लिसरॉल नसेल तर एकदा गोठवा, एकदाच वितळवा, आणि उरलेली पुन्हा न गोठवता ४ अंशांवर ठेवून संपवा. घरगुती पद्धतीचा आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर यासाठी वापरू नका. तो दिवसातून अनेकदा स्वतःहून गरम होतो आणि अँटिबॉडी हळूहळू मरते.

आता पुण्याची एक गोष्ट. देखभालीची वीजकपात आणि पाणीबंदी बहुधा गुरुवारी येते. मोठ्या संस्थांत जनरेटर असतो, कॉलेजच्या लॅबमध्ये नसतो. तुमच्याकडे नसेल तर बुधवारी रात्री प्रायमरी लावून गुरुवारी सकाळी दुसऱ्या ब्लॉटचा ट्रान्सफर चालवायचा बेत करू नका. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन बुधवारीच भरून ठेवा.

५. दोन प्रकारच्या पेशी हव्यात: जिच्यात आहे आणि जिच्यात नाही

फक्त स्वतःच्या पेशी घेऊन अँटिबॉडी तपासायला बसणं ही सगळ्यात मोठी चूक. ईजीएफआरसाठी ए४३१ ही पेशीरेषा (लॅबमध्ये सतत वाढवता येणाऱ्या एकाच प्रकारच्या पेशी) घ्या, तिच्या एकेका पेशीवर हा रिसेप्टर दहा लाखांहून जास्त असतो. एमडीए-एमबी-४६८ मध्येही भरपूर आहे. एमसीएफ-७ मध्ये अगदी कमी. या तिन्ही शेजारी शेजारी लावल्या की अँटिबॉडी खरं बोलते का ते पहिल्याच जेलवर कळायला लागतं.

पुण्यात आपण या बाबतीत भाग्यवान आहोत. विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसमध्ये (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये) राष्ट्रीय पेशीभांडार आहे. शेजारच्या लॅबमधून 'उसनी' आणलेली, कितव्या पॅसेजची (कितव्यांदा नव्या डिशमध्ये वाढवलेली) आहे हे कुणालाच माहीत नसलेली पेशीरेषा वापरण्यापेक्षा तिथे रीतसर मागणी करा. थोडा वेळ लागतो, पण पेशी कुठल्या आहेत याची शंका मनात राहत नाही. आल्यावर मायकोप्लाझ्माची (पेशींत नकळत वाढणाऱ्या जिवाणूंची) चाचणी करून घ्या.

पेशी कुठल्या अवस्थेत काढल्या तेही लिहा. ईजीएफ दिलं की रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो आणि काही तासांत त्याचा बराच भाग नष्ट होतो. सोमवारी सीरममध्ये वाढवलेल्या आणि गुरुवारी उपाशी (सीरमशिवाय) ठेवलेल्या पेशींची तुलना करून काहीच हाती लागत नाही.

६. ब्लॉट

लागणाऱ्या गोष्टी: आरआयपीए बफर (पेशी फोडायचं द्रावण), प्रोटीएज इनहिबिटर (प्रथिनं तुटू न देणारं), प्रथिन मोजायचा किट, ७.५ किंवा ८ टक्क्यांचा जेल, पीव्हीडीएफ मेंब्रेन (प्रथिनं धरणारा पातळ पडदा), मिथेनॉल, पॉन्सो एस (प्रथिनं गुलाबी दाखवणारा रंग), टीबीएसटी (धुवायचं बफर), ब्लॉकिंगचं साहित्य (मेंब्रेनच्या रिकाम्या जागा झाकणारं), प्रायमरी, सेकंडरी, ईसीएल (सेकंडरी असेल तिथे प्रकाश देणारं द्रावण).

पेशी थंड पीबीएसनं (खारट बफरनं) दोनदा धुवा. बफर थेट डिशमध्ये घाला आणि खरवडून काढा. ट्रिप्सिननं सोडवू नका, ते पेशीबाहेर असलेला रिसेप्टरचा भाग कापतं. पीएमएसएफ हा प्रोटीएज इनहिबिटर पाण्यात फार टिकत नाही, म्हणून वापरायच्या क्षणी घाला.

नमुना किती गरम करायचा यावर लोक गप्प असतात. ईजीएफआरला ९५ अंश पाच मिनिटं चालतात. पण सात वेळा पडद्यातून आरपार जाणारे जीपीसीआर प्रकारचे रिसेप्टर उकळले की एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि वेलच्या (जेलमधल्या नमुना भरायच्या खाचेच्या) तोंडाशीच अडकतात. त्यांच्यासाठी ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून बघा.

स्वतःच्या पेशींचं २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन लोड करा, ए४३१ चं मात्र पाचच. नाहीतर तिचा प्रकाश शेजारच्या लेनवर पसरतो.

मोठं प्रथिन जेलमधून बाहेर यायला वेळ घेतं. ट्रान्सफर बफरमधलं मिथेनॉल १० टक्क्यांवर आणा, आणि ३० व्होल्टवर रात्रभर कोल्ड रूममध्ये लावा. घाई असेल तर १०० व्होल्ट दीड तास, पण एप्रिल-मेमध्ये बर्फाचा ब्लॉक मध्येच बदलावा लागतो. पीव्हीडीएफ आधी मिथेनॉलमध्ये भिजवायला विसरू नका. ट्रान्सफर झाल्यावर पॉन्सो लावा आणि फोटो काढून ठेवा. वरच्या भागात गुलाबी पट्टे दिसत नसतील तर तिथेच थांबा. पुढे अँटिबॉडी घालणं म्हणजे ती वाया घालवणं.

ब्लॉकिंग ५ टक्के साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत, एक तास. पावसाळ्यात भुकटीच्या गुठळ्या होतात, त्या मेंब्रेनवर काळे ठिपके होऊन उमटतात. दूध रोज ताजं करा आणि गाळून घ्या. फॉस्फो-रिसेप्टर (फॉस्फेट लागलेला रिसेप्टर) शोधत असाल तर दूध नको, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फो-प्रथिन आहे. तिथे बीएसए (गायीच्या सीरममधलं अल्ब्युमिन) वापरा.

प्रायमरीचं प्रमाण डेटाशीटवरून उचलू नका, स्वतः ठरवा. मेंब्रेनच्या उभ्या पट्ट्या कापा आणि १:५००, १:१०००, १:२०००, १:५००० असं लावा. खरा बँड (तुमच्या प्रथिनाचा पट्टा) ठळक आणि बाकीची लेन स्वच्छ दिसेल ते तुमचं प्रमाण. लॅबमध्ये एकमेकांशी बोलताना मात्र मायक्रोग्रॅममध्येच बोला. अर्धा मिलिग्रॅम प्रति मिलिलीटरची नळी १:१००० केली तर अर्धा मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर होते. दुसऱ्या कंपनीच्या नळीचं १:१००० वेगळंच असतं.

४ अंशांवर रात्रभर. सकाळी टीबीएसटीचे तीन वॉश, दहा-दहा मिनिटांचे. प्रोटोकॉलमध्ये 'रूम टेम्परेचर' लिहिलेलं असतं ते २० ते २५ अंश. मे महिन्यात एसी बंद असलेली आपली खोली ३४ असते, तिथे सेकंडरी तासभर ठेवली की बॅकग्राउंड चढतं.

प्रायमरी पुन्हा वापरण्यासाठी ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालतात, ते चालतं. पण सेकंडरीच्या द्रावणात अझाइड कधीच नको, ते एचआरपी (सेकंडरीला जोडलेलं, सिग्नल देणारं एन्झाइम) बंद पाडतं. आणि अझाइडचं पाणी सिंकमध्ये ओतू नका. ते विषारी आहे, आणि तांब्या-शिशाच्या नळांत त्याचे स्फोटक क्षार साचतात.

७. सेकंडरी: माझे तीन महिने इथे गेले

माझी पहिली प्रायमरी बकरीत बनवलेली होती. मी गाढवात बनवलेली अँटि-गोट सेकंडरी मागवली, ती बरोबरच होती. दूध लावलं, रात्रभर ठेवलं, ईसीएल घातलं. मेंब्रेन एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काळीकुट्ट. पाच सेकंदांचं एक्स्पोजर, तरी तेच. मी वॉश वाढवले, टीबीएसटीतलं ट्वीन (साबणासारखं द्रव्य) वाढवलं, प्रायमरी १:१०,००० केली. काळीच. मग कंपनीला दोष दिला, नवा लॉट मागवला. तोही काळा.

एक सीनियर ताई चहाला जाताना माझ्या बेंचपाशी थांबली. "काय गं, प्रायमरी न घालता लावून बघितलंस का?" नव्हतं बघितलं. त्याच दुपारी एक पट्टी नुसत्या सेकंडरीत लावली. तीही काळी.

कारण दुधात होतं. गाय आणि बकरी जवळच्या नात्यातली जनावरं, त्यांच्या आयजीजीत साम्य खूप. दुधाच्या भुकटीत गायीचं आयजीजी असतं. अँटि-गोट सेकंडरी तेच धरत होती, आणि मेंब्रेनवर मी स्वतःच्या हातानं दूध पसरवलं होतं. माशाच्या जिलेटिननं ब्लॉक केलं आणि दुसऱ्याच दिवशी मेंब्रेन पांढरी झाली.

म्हणून पहिला नियम असा ठेवा: जमेल तोवर सशातली प्रायमरी घ्या. बकरीतलीच मिळत असेल तर दूध आणि साधं बीएसए टाळा. आणि नुसत्या सेकंडरीची पट्टी पहिल्या दिवसापासून लावा, पन्नासाव्या दिवशी नको.

८. बँड आला. तो तुमच्या रिसेप्टरचा आहे का?

इथे मी तुम्हाला जरा थांबवणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. १७० किलोडाल्टनच्या आसपास सुंदर बँड दिसतो, गाइड खूश होतात, आकृती तयार होते. बँड दिसणं आणि रिसेप्टर दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०१७ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक काम आलं. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाविरुद्धच्या, वर्षानुवर्षं वापरात असलेल्या १३ अँटिबॉडी तपासल्या गेल्या आणि विश्वासार्ह ठरली फक्त एक. त्याआधी २००९ मध्ये ॲड्रिनर्जिक आणि मस्कॅरिनिक रिसेप्टरांच्या कित्येक अँटिबॉडींबद्दल हेच समोर आलं होतं: ज्या उंदरात तो रिसेप्टर मुळातच काढून टाकलेला होता, त्याच्या ऊतींवरही तोच 'बँड' येत होता. एवढ्या लोकांची एवढी वर्षं, म्हणून मी या पायरीवर इतकी अडून बसते.

काय करायचं? जनुक बंद करून बघणं हा सगळ्यात भक्कम पुरावा. ते जनुक क्रिस्परनं कापून काढलेली पेशीरेषा मिळाली तर उत्तम, नाहीतर एसआयआरएनए (जनुकाचा संदेश दाबणारे छोटे आरएनए) द्या आणि ४८ ते ७२ तास थांबा, कारण आधी बनलेला रिसेप्टर लगेच नाहीसा होत नाही. बँड फिकट झाला पाहिजे. जोडीला रिसेप्टरच्या दुसऱ्या भागाविरुद्धची, दुसऱ्या प्राण्यातली अँटिबॉडी लावा, किंवा पेशीरेषांमधला चढ-उतार आरएनएच्या मोजणीशी जुळतो का ते पाहा.

ईजीएफआरसारख्या साखरेच्या साखळ्या लागलेल्या रिसेप्टरसाठी एक स्वस्त तपासणी आहे, ती मला फार आवडते. पीएनजीएज एफ हे एन्झाइम त्या साखळ्या कापतं. १७० च्या आसपासचा बँड घसरून १३० च्या जवळ येतो. बँड जागचा हलला नाही तर शंका घ्या.

पेप्टाइड ब्लॉकिंगवर विसंबू नका. टोचलेलं पेप्टाइड आधी मिसळलं की अँटिबॉडी भरून जाते आणि सगळेच बँड नाहीसे होतात, खरेही आणि खोटेही. लोक ते पुरावा म्हणून दाखवतात, तसा तो नाही.

९. पेशीवर बघायचं असेल तर

४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, १५ मिनिटं. आतल्या भागाविरुद्धची अँटिबॉडी असेल तर ०.१ टक्के ट्रायटन (पेशीच्या पडद्याला भोकं पाडणारं द्रव्य), बाहेरच्या भागाविरुद्धची असेल तर ट्रायटनशिवाय. ब्लॉकिंगला सेकंडरी ज्या प्राण्यातली त्याचं सीरम.

जिवंत पेशींवर लावताना सगळं बर्फावर करा. पॉलिक्लोनल अनेक रिसेप्टरांना एकत्र बांधते आणि पेशी तो गठ्ठा आत ओढून घेते, मग पृष्ठभागावर काही उरत नाही. फ्लोसाठी पेशी ट्रिप्सिनऐवजी ईडीटीएनं (प्रथिनं न कापणाऱ्या रसायनानं) सोडवा. मॅक्रोफेजसारख्या पेशी असतील तर त्यांचे एफसी रिसेप्टर (कुठल्याही अँटिबॉडीचं शेपूट धरणारे) आधी ब्लॉक करा, नाहीतर कुठलीही अँटिबॉडी चिकटेल. नियंत्रणासाठी न टोचलेल्या सशाचं साधं आयजीजी घ्या, तेवढ्याच मायक्रोग्रॅमचं.

१०. वहीत काय लिहायचं

कंपनी, कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक, कुठल्या प्राण्यातली, कुठल्या तुकड्याविरुद्धची, किती मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर, ब्लॉकिंग कशात, एक्स्पोजर किती सेकंद. अख्ख्या मेंब्रेनचा न कापलेला फोटो चिकटवा, आकृतीत फक्त एक पट्टी दाखवणार असाल तरीही.

शेवटचे दोन ॲलिकॉट उरले की नवी नळी मागवा, संपेपर्यंत थांबू नका. नवी आली की ए४३१ आणि एमसीएफ-७ चा एकच लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) दोन जेलवर लावा, एकावर जुना लॉट, दुसऱ्यावर नवा, एकाच दिवशी, एकाच सेकंडरीनं. प्रमाण पुन्हा ठरवा. दोन्ही फोटो शेजारी चिकटवा आणि खाली दोन्ही लॉट क्रमांक लिहा.